पागातचे दगड आणि कुंपणाआडचं गाव

गुआम बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत पंधरा नंबरचा रस्ता जातो. त्या रस्त्यावरून एक पायवाट समुद्राच्या दिशेने उतरते. चुनखडीचा खडक इथे झिजून इतका धारदार झाला आहे की साध्या चपलेने चालण्याची सोय नाही. कडा उतरून खाली आलं की झाडीत एक गुहा लागते आणि तिच्या तळाशी गोड्या पाण्याचं थंड कुंड आहे. गुहा ओलांडली की जंगलात दगडी खांब दिसू लागतात. काही उभे आहेत, बरेच आडवे पडलेले आहेत, काहींना मुळांनी वेढा घातला आहे. खांबांच्या आसपास कातळात कोरलेली उखळं आहेत. पाऊस पडून गेला की त्यांत पाणी साचून राहतं. पायाखाली मातीत खापरांचे तुकडे आणि समुद्री शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो.

या जागेचं नाव पागात. बेटाच्या मूळ रहिवाशांचं, म्हणजे चामोरू लोकांचं, हे जुनं गाव. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बेटावरची अशी बहुतेक गावं ओस पडली. 1974 साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पागातची नोंद झाली. त्यानंतर पस्तीस वर्षांनी अमेरिकी सैन्याने याच कड्याच्या माथ्यावर मशीनगनच्या सरावाची मैदानं बांधायचं ठरवलं.

बांधकाम कसं थांबतं आणि कधी थांबत नाही, हे समजून घ्यायला गुआमसारखं दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल. कारण त्याच बेटावर, त्याच कायद्याखाली, त्याच प्रकल्पासाठी, दोन जुन्या गावांचा निवाडा दोन वेगळ्या तऱ्हांनी झाला. एक गाव जागच्या जागी राहिलं. दुसरं खणून काढलं गेलं.

आधी बेटाची ओळख करून घेऊ. पश्चिम प्रशांत महासागरात, मनिला आणि टोकियो या दोन्ही शहरांपासून साधारण अडीच हजार किलोमीटरवर गुआम आहे. लांबी जेमतेम पन्नास किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे 540 चौरस किलोमीटर. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर भरली आणि त्यात चामोरू सुमारे एक तृतीयांश. माणूस इथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी होड्यांतून पोहोचला. बेटाच्या उत्तर टोकाला रिटिडियन नावाची जागा आहे, चामोरू तिला लितेक्यान म्हणतात. तिथल्या किनाऱ्यावरच्या गुहेबाहेर पुरलेल्या दोन माणसांच्या सुमारे बावीसशे वर्षं जुन्या अस्थींमधून डीएनए मिळाला. त्याचा अभ्यास 2020 च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्या माणसांचे धागे एका बाजूला फिलिपिन्सशी आणि दुसऱ्या बाजूला वानुआतू व टोंगा इथल्या आद्य वसाहतकारांशी जुळले. प्रशांत महासागर माणसाने कसा पार केला, या मोठ्या प्रश्नातला हा एक महत्त्वाचा दुवा आहे आणि तो एका छोट्या किनाऱ्याच्या वाळूतून हाती आला.

पागातमधल्या त्या खांबांना लात्ते म्हणतात. इसवी सनाच्या साधारण दहाव्या शतकापासून चामोरू लोक आपली घरं दगडी खांबांवर बांधू लागले. उभा खांब म्हणजे हालिगी आणि त्याच्या डोक्यावरचा अर्धगोल दगड म्हणजे तासा. तासासाठी बऱ्याचदा समुद्रातल्या प्रवाळाचा मोठा गोळा वापरत आणि त्याची सपाट बाजू वर ठेवत. असे खांब दोन समांतर ओळींत उभे करायचे, वर लाकडी घर. गुआमवरचे बहुतेक लात्ते माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून लहान आहेत. शेजारच्या टिनियन बेटावरच्या एका घराचे खांब मात्र साडेचार मीटरच्या पुढे होते. लात्तेच्या आजूबाजूला, कधी दोन ओळींच्या मधोमध, घरातली माणसं पुरलेली असत. पूर्वजांच्या कवट्या घरात जपून ठेवण्याची रीत होती. 1668 साली आलेल्या स्पॅनिश जेझुइट मिशनऱ्यांनी त्या कवट्या जाळायला आणि फोडायला सुरुवात केली. पुढच्या तीस वर्षांत लढाया, साथी आणि सक्तीचं स्थलांतर यांनी चामोरू लोकसंख्या काही हजारांवर आली. लोकांना मोजक्या गावांत आणून बसवलं गेलं आणि लात्ते जंगलाच्या हवाली झाले.

तरी लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली नाही. पूर्वजांचे आत्मे त्या जागा राखतात, अशी चामोरू श्रद्धा आहे. रानात शिरताना आजोबा-आजींची परवानगी मागायची, मगच पुढे जायचं. कोकणात राखणदाराला सांगितल्याशिवाय देवराईत पाऊल न टाकणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता सैन्याचा भाग. 1898 मध्ये स्पेनकडून गुआम अमेरिकेकडे आलं. 1941 च्या डिसेंबरात जपानने ते घेतलं आणि 1944 च्या जुलैत अमेरिकी फौजा पुन्हा उतरल्या. त्यानंतर बेटाच्या उत्तरेच्या सपाट पठारावर बुलडोझर फिरले आणि बी-29 बॉम्बफेकी विमानांसाठी धावपट्ट्या तयार झाल्या. त्या घाईत किती लात्ते गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. युद्ध संपलं, पण घेतलेल्या जमिनींपैकी बऱ्याच परत मिळाल्या नाहीत. आजही बेटाची चौथाईहून अधिक जमीन सैन्याकडे आहे. गुआमचे रहिवासी अमेरिकेचे नागरिक आहेत. पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही आणि वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात त्यांचा जो एक सदस्य बसतो, त्याला अंतिम मतदानाचा हक्क नाही. पुढची सगळी गोष्ट वाचताना ही बाब मनात धरून ठेवावी लागते.

2006 साली अमेरिका आणि जपान यांच्यात एक आराखडा ठरला. जपानच्या ओकिनावा बेटावर अमेरिकी तळांची दाटी झाली होती आणि तिथल्या लोकांचा रोष वाढत होता. तो ताण हलका करायला सुमारे 8,000 मरीन सैनिक आणि त्यांचे 9,000 कुटुंबीय गुआमला हलवायचे, असं दोन्ही सरकारांनी ठरवलं. गुआमला कोणी विचारलं नव्हतं. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये पर्यावरणीय परिणामांचा मसुदा जाहीर झाला. नऊ खंड आणि सुमारे अकरा हजार पानं. एवढ्या पानांवर अभिप्राय देण्यासाठी लोकांना नव्वद दिवस मिळाले. बांधकाम ऐन भरात असताना बेटावर तब्बल 79,000 माणसांची भर पडेल, असा अंदाज त्यात होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या मसुद्याला आपल्या श्रेणींतली सर्वांत खालची श्रेणी दिली.

त्या खंडांमध्ये पागातच्या माथ्यावरची गोळीबार मैदानं होती. गावावर काहीही बांधलं जाणार नाही, हा सैन्याचा मुद्दा अक्षरशः खरा होता. मैदानं वर पठारावर. खालचं गाव फक्त त्यांच्या धोक्याच्या पट्ट्यात येणार होतं. हा पट्टा म्हणजे भरकटलेली गोळी जिथवर पोहोचू शकते तेवढं क्षेत्र. सराव चालू असताना त्यात कोणी जायचं नाही. दगडाला धक्का लागणार नाही, तेव्हा वारशाची हानी कुठे झाली, असा सैन्याचा सवाल होता. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न हाच आहे. गाव शाबूत आणि गावाची वाट बंद, याला जतन म्हणायचं का?

या प्रश्नाचं उत्तर बेटावरच्या तरुणांनी वादविवादात न अडकता दिलं. वी आर गुआहान नावाचा गट उभा राहिला. गुआहान हे बेटाचं चामोरू नाव. या गटाने लोकांना पागातला न्यायला सुरुवात केली. शाळकरी मुलं, पाळण्यातलं पोर पाठीशी बांधलेल्या आया, निवृत्त शिक्षक, बेटावर जन्म काढूनही कधी तिथे न गेलेली माणसं तो धारदार कातळ उतरून गुहेपर्यंत गेली. अकरा हजार पानं वाचणं ज्यांच्या आवाक्यात नव्हतं, त्यांनी ती जागा पायांनी वाचली. उखळात हात घालून पाहिला, कुंडाचं पाणी तोंडावर मारलं. त्यानंतर सार्वजनिक सुनावण्यांत पागात हे नकाशावरचं अक्षर राहिलं नाही.

2010 मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक जतन राष्ट्रीय न्यासाने देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या अकरा स्थळांच्या यादीत पागातचं नाव घातलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा न्यास, गुआम प्रिझर्वेशन ट्रस्ट आणि वी आर गुआहान यांनी हवाईच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. दाव्याचा गाभा साधा होता. दुसऱ्या जागांचा गांभीर्याने विचार न करता पागात निवडलं, हे कायद्याला धरून नाही. सैन्याच्या ताब्यात बेटाचा एवढा मोठा भाग आधीच असताना नोंदवहीतल्या गावाच्या डोक्यावरची, सैन्याची नसलेली जमीन कशाला हवी, हा प्रश्न कोणालाही पडण्यासारखा होता. वर्षभरात नौदलाने माघार घेतली आणि नव्याने पर्यावरणीय अभ्यास करायचं कबूल केलं. 2012 मध्ये मूळ योजनाही आटोपशीर झाली. आता सुमारे 5,000 सैनिक आणि 1,300 कुटुंबीय येणार होते. 2015 च्या ऑगस्टमध्ये अंतिम निर्णय झाला, त्यात पागात नव्हतं.

अमेरिकेतला ऐतिहासिक जतनाचा कायदा 1966 चा. त्याच्या 106 व्या कलमावर हे सगळं प्रकरण फिरतं, म्हणून ते जरा नीट पाहू. सरकारी पैशाने किंवा सरकारी परवानगीने काही बांधायचं असेल, तर त्या जागी ऐतिहासिक महत्त्वाचं काय आहे ते आधी शोधायचं. सापडलं तर त्याचं मोल ठरवायचं. बांधकामाने त्याला बाधा येणार असेल तर ती टाळायची, कमी करायची किंवा तिची भरपाई करायची. हे करताना स्थानिक वारसा अधिकाऱ्याशी आणि संबंधित लोकांशी सल्लामसलत करायची. वाचायला हे भक्कम वाटतं. पण हे कलम बांधकाम रोखत नाही. विचार केल्याशिवाय बांधू नका, एवढंच ते सांगतं. विचार करून झाला, कागद पूर्ण झाले, की निर्णय बांधणाऱ्याचाच.

त्यातही मोल ठरवण्याचे चार निकष आहेत. मोठ्या घटनेशी संबंध, मोठ्या व्यक्तीशी संबंध, बांधणीची कला, आणि चौथा निकष म्हणजे त्या जागेतून इतिहासाबद्दल मिळू शकणारी माहिती. जमिनीखालच्या पुरातत्त्वीय जागा बहुतेक वेळा या चौथ्या निकषावर पात्र ठरतात. सगळी मेख इथे आहे. जागेचं मोल तिच्यातल्या माहितीत असेल, तर माहिती काढून घेतली की मोल वसूल झालं. मग शास्त्रशुद्ध उत्खनन करायचं, छायाचित्रं काढायची, खापरं पिशव्यांत भरायची, अहवाल लिहायचा आणि जागा बांधकामाला मोकळी करून द्यायची. पुरातत्त्वज्ञ यात काही लबाडी करत नाहीत. ते आपलं काम मनापासून आणि काटेकोरपणे करतात. पण ज्याचे पूर्वज त्या मातीत आहेत, त्याच्यासाठी ती जागा माहितीचा साठा नसते. त्याचं मोल वसूल होऊ शकत नाही, कारण त्याने ते कधी विकायला काढलेलंच नव्हतं.

याच कायद्याचा एक वेगळाच उपयोग ओकिनावात, म्हणजे या स्थलांतराच्या दुसऱ्या टोकाला, झाला. तिथल्या हेनोको किनाऱ्यावर समुद्रात भराव घालून नवा तळ उभारायचा घाट होता. त्या उथळ पाण्यात समुद्री गवतावर चरणारा ड्युगाँग हा सस्तन प्राणी येत असे. ओकिनावाच्या लोककथांत त्याला मानाचं स्थान आहे आणि जपानच्या सांस्कृतिक संपत्ती कायद्याखाली तो नैसर्गिक स्मारक म्हणून 1972 पासून संरक्षित आहे. 2003 मध्ये ओकिनावातले रहिवासी आणि जपान व अमेरिकेतल्या पर्यावरण संस्थांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा लावला. अमेरिकी जतन कायदा परदेशातल्या वारशालाही लागू होतो आणि जपानने ज्याला सांस्कृतिक संपत्ती मानलं तो जिवंत प्राणीही त्यात बसतो, अशी त्यांची मांडणी होती. 2008 च्या जानेवारीत न्यायालयाने ती मान्य केली आणि संरक्षण खात्याने कायद्यातली विचाराची अट पाळली नाही, असा निकाल दिला. खात्याने मग अभ्यास केला, बाधा होणार नाही असा निष्कर्ष काढला आणि पुढच्या न्यायालयीन फेऱ्यांत तो टिकला. 2020 मध्ये अपील न्यायालयानेही खात्याच्या बाजूने कौल दिला. विचार करण्याची अट पुरी झाली होती.

गुआमला परत येऊ. पागात वाचलं, पण सैनिक येणारच होते आणि त्यांना तळ व सरावाची मैदानं हवीच होती. 2011 च्या मार्चमध्ये वारशाबाबतचा एक करार झाला होता. सैन्य, गुआमचा ऐतिहासिक वारसा अधिकारी आणि इतर काही पक्षांनी त्यावर सह्या केल्या. प्रत्येक बांधकामासाठी वेगळी वाटाघाट न करता सगळ्या प्रकल्पाला एकच कार्यपद्धती लागू करायची, असा त्याचा हेतू. 2015 च्या निर्णयानुसार मुख्य तळ बेटाच्या वायव्येला फिनेगायन इथे आणि गोळीबार मैदानं उत्तर टोकाच्या जुन्या लष्करी धावपट्टीच्या परिसरात, लितेक्यानच्या वरच्या पठारावर जाणार होती. दोन्ही जागा सैन्याच्या ताब्यातल्या. नवी जमीन घ्यायची नाही, उलट बांधणी संपल्यावर आपल्याकडे आधीपेक्षा कमी जमीन असेल, असं वचन सैन्याने दिलं होतं. बेटावरच्या अनेकांना त्यात दिलासा वाटला, आणि तो गैर नव्हता.

पण कुंपणाआडची जमीन रिकामी नव्हती. फिनेगायनच्या परिसरात काम सुरू झाल्यावर मागुआ या जुन्या गावाचे अवशेष समोर आले. हे गाव कोणी चालत जाऊन पाहू शकत नव्हतं. दशकानुदशकं ते तारेच्या आत होतं आणि झाडीने झाकलेलं होतं.

अशा ठिकाणी काम कसं चालतं? गुआमच्या जमिनीत दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला दारूगोळा अजून आहे. त्यामुळे आधी झाडी कापली जाते, धातुशोधक यंत्रं फिरवली जातात, जिथे खूण मिळेल तिथे खणून बॉम्ब आहे का पाहिलं जातं. नंतर मोठी यंत्रं येतात आणि प्रत्येक यंत्राजवळ एक पुरातत्त्वज्ञ उभा असतो. त्याचे डोळे यंत्राच्या पंजाखालून निघणाऱ्या मातीवर खिळलेले. उत्तर गुआममध्ये चुनखडीवर लालसर मातीचा थर पातळ असतो. त्या लालसर मातीत अचानक काळपट वर्तुळ दिसलं, त्यात आगीने तडकलेले दगड आणि कोळशाचे कण असले, की तो हात वर करतो आणि यंत्र थांबतं. ती जमिनीत खणलेली भट्टी असण्याची शक्यता असते. खड्ड्यात दगड तापवायचे, त्यावर पानांत गुंडाळलेलं अन्न ठेवून माती लोटायची, ही प्रशांत महासागरातल्या बेटांवरची स्वयंपाकाची जुनी पद्धत. मग करणी, ब्रश, चाळणी, मोजपट्टी बाहेर येते. त्या भट्टीतला कोळसा प्रयोगशाळेत गेला की शेवटचा जाळ साधारण कोणत्या शतकात पेटला ते कळतं. कोणी तरी कधी तरी तिथे बसून जेवलं होतं, याचा तो दिनांक.

माणसाची हाडं निघाली तर त्या भागातलं काम थांबतं, वारसा कार्यालयाला कळवलं जातं आणि पुढचं काय ते ठरतं. हाडं जागेवर राहू द्यायची की काढायची, काढली तर पुन्हा कुठे पुरायची. गुआममध्ये हा अनुभव नवा नव्हता. तुमोनच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी हॉटेलं बांधताना शेकडो दफनं बाहेर काढली गेली होती. त्यामुळे यात एकटं सैन्य दोषी आहे, असं म्हणणं न्यायाचं होणार नाही. फरक इतकाच की हॉटेलच्या खड्ड्यापाशी लोक येऊन उभे राहू शकत होते.

मागुआत थांबणं म्हणजे तेवढ्या तुकड्यापुरतं थांबणं होतं. शेजारच्या तुकड्यात काम चालू. 2020 मध्ये तळाच्या बांधकामात मानवी अवशेष मिळाल्याची चर्चा बेटावर पेटली, तेव्हा विधिमंडळातल्या काही सदस्यांनी आणि प्रुतेही लितेक्यान या नागरिकांच्या गटाने संपूर्ण काम थांबवण्याची मागणी केली. लितेक्यान राखा, असा त्या गटाच्या नावाचा रोख. संपूर्ण काम थांबलं नाही. करारातली कार्यपद्धती पाळली जात आहे, असं सैन्याचं उत्तर होतं. 1 ऑक्टोबर 2020 रोजी तळ अधिकृतपणे कार्यान्वित झाला. मरीन दलाचा हा 1952 नंतरचा पहिला नवा तळ. त्याला व्हिसेंटे ब्लाझ यांचं नाव दिलं गेलं. ते मरीन दलात ब्रिगेडियर जनरल पदापर्यंत पोहोचलेले पहिले चामोरू आणि नंतर प्रतिनिधिगृहातले गुआमचे सदस्य. बेटावर त्यांच्याविषयी आदर आहे. सैन्यात भरती होण्याचं प्रमाण गुआममध्ये मोठं आहे. एकाच घरात एक भाऊ गणवेशात आणि एक बहीण हातात फलक घेऊन फाटकापाशी, असं तिथे घडू शकतं. म्हणूनच सैन्य विरुद्ध लोक अशी सरळ वाटणी इथे चालत नाही.

2021 च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या तीन विशेष प्रतिवेदकांनी अमेरिकी सरकारला पत्र लिहिलं. लष्करी विस्तारामुळे चामोरू लोकांच्या जमिनी, पूर्वजांच्या जागा आणि त्यांची पूर्वसंमती यांचं काय होतं आहे, याचा जाब त्यात होता.

पागात आणि मागुआ यांच्यात दगडांचा फरक मला दिसत नाही. लात्ते काळातली दोन्ही गावं, दोन्हीकडे पूर्वज. फरक पडला तो तीन गोष्टींनी. पागातची नोंद योजनेच्या कितीतरी आधी झाली होती, त्यामुळे तिथे काहीच नाही असं गृहीत धरून नकाशा आखणं अवघड होतं. तिथली जमीन सैन्याची नव्हती, ती मिळवावी लागणार होती. आणि तिथे वाट होती. मागुआच्या बाबतीत शोध लागला तेव्हा यंत्रं दारात उभी होती, कंत्राटं दिली गेली होती, आणि पाहायला जायचं तर सैन्याचा परवाना लागत होता. जे आधी माहीत असतं त्याच्याभोवती नकाशा वळवता येतो. जे खणताना सापडतं त्याची फार तर नोंद होते. म्हणून मला वाटतं, वारसा वाचवण्याचं खरं काम पुरातत्त्वज्ञ यंत्राजवळ उभा राहतो त्याच्या वीस-तीस वर्षं आधी व्हायला हवं. सर्वेक्षण, नोंद, नकाशा या कंटाळवाण्या कामाला पैसा मिळत नाही. सापडलेल्या वस्तू ठेवायला मात्र मिळतो.

गुआमला तो मिळाला. 2011 च्या करारानंतर संरक्षण खात्याकडून 1 कोटी 20 लाख डॉलर आले आणि गुआम विद्यापीठाच्या आवारात सांस्कृतिक संग्रह भांडार उभं राहिलं. तापमान आणि आर्द्रता नियंत्रित खोल्या, अभ्यासकांसाठी जागा. ही चांगलीच गोष्ट आहे. याआधी बेटावरच्या किती वस्तू बाहेर गेल्या! 1920 च्या दशकात हान्स हॉर्नबॉस्टेल यांनी गोळा केलेल्या वस्तू आणि अस्थी होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात पोहोचल्या. बेटाची वस्तू बेटावर राहणं, बेटावरच्या मुलांनी ती हाताळून शिकणं, याचं मोल मोठं आहे. तरी भांडार जितकं भरत जातं, तितकी तारेआडची जमीन रिकामी होत जाते, हेही तितकंच खरं.

आणि अस्थींचा प्रश्न भांडाराने सुटत नाही. मूळ रहिवाशांच्या अस्थी आणि दफनातल्या वस्तू त्यांच्या वंशजांना परत देण्याबद्दल अमेरिकेत 1990 पासून स्वतंत्र कायदा आहे. तो मान्यताप्राप्त इंडियन जमातींना आणि मूळ हवाईवासीयांना लागू होतो. चामोरू यांपैकी कशातच बसत नाहीत. त्यांच्यासाठी 1966 च्या कायद्यातली सल्लामसलत, गुआमचे स्थानिक नियम आणि 2011 चा करार एवढंच हाती उरतं. सल्ला देता येतो, हक्काने मागता येत नाही. चामोरू कार्यकर्त्यांच्या आजच्या मागण्यांतली मला सर्वांत रास्त वाटणारी मागणी याच फटीतून आलेली आहे. कायद्याने त्यांना वंशज म्हणून मानावं, सल्लागार म्हणून नव्हे.

2024 च्या डिसेंबरमध्ये ओकिनावाहून पहिले 100 मरीन सैनिक कॅम्प ब्लाझमध्ये दाखल झाले. ठरल्याप्रमाणे चार हजारांहून अधिक टप्प्याटप्प्याने येतील. लितेक्यानच्या माथ्यावर गोळीबार मैदानं बांधली गेली आहेत. वर्षाला सुमारे 67 लाख गोळ्या झाडल्या जातील, असा नियोजनातला आकडा आहे. ती मैदानं ज्या चुनखडीवर आहेत, तिच्याच खाली उत्तर गुआमचा भूजलाचा साठा आहे आणि बेटाचं बहुतेक पिण्याचं पाणी तिथून येतं. खालच्या किनाऱ्यावर 1993 पासून वन्यजीव अभयारण्य आहे आणि त्याचा काही भाग मैदानांच्या धोक्याच्या पट्ट्यात येतो. हा तोच किनारा, जिथल्या बावीसशे वर्षं जुन्या अस्थींनी फिलिपिन्सपासून टोंगापर्यंतचं नातं जोडून दाखवलं. सराव चालू असताना तिथे जायचं नाही, हा पागातला न पटलेला नियम लितेक्यानला लागू होणार आहे. वर्षातले किती दिवस वाट खुली राहील, यावर बेटावर आता भांडण चालू आहे.